दोन्हीकडची

लॅपटॉपवरच्या आकांक्षाच्या खिडकीत 'मुलाची माहिती आवडली, अजून थोडं कळवावं' एवढं लिहून अरुंधतीनं पाठवायच्या बटणावर बोट नेलं, आणि तेव्हा कुठं तिचं लक्ष समोरच्या फोटोकडं गेलं. निळा शर्ट, नीट विंचरलेले केस, हसताना एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त बारीक. हा फोटो तिनंच कापून सरळ केला होता. मुलाच्या खांद्यावर कुण्या मित्राचा हात होता, तो खोडून काढता काढता तिची सबंध दुपार गेली होती, आणि तरी नीट बघितलं तर खांद्याची शिवण तिथं तुटलेली दिसायची. भारत. कुंभार पिंपळगावच्या काकासाहेबांचा मुलगा. त्याचं खातंही तिच्याच हातात, शेजारच्याच खिडकीत. म्हणजे विचारणारी तीच आणि उत्तर देणारीही तीच. आदल्या दिवशी दूध तापायला ठेवून तिनं भारतच्या वतीनं दिसेल त्या मुलीला 'रस आहे' असं धडाधड कळवून टाकलं होतं, नावं न वाचता, पापड लाटावेत तसं. त्यात आकांक्षाही आली होती. अरुंधतीनं बोट मागं घेतलं आणि खुर्चीत मागं टेकली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आता हे कसं निस्तरायचं, एवढाच कंटाळा तिच्या मनात भरून आला.

ती जालन्यात घरी बसून लोकांना स्थळं बघून द्यायची. नात्यातली दोन लग्नं तिच्या शब्दावर जमली, तेव्हापासून हे मागं लागलं होतं. मुलींचे वडील, मुलांचे काका पायरीशी चपला काढून आत यायचे आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणायचे, आम्हाला त्या मोबाइलमधलं काही कळत नाही, तुम्हीच बघा. मग लग्नाच्या साइटवर खातं उघडणं, फोटो लावणं, मुलगा कसा आहे, मुलगी कशी आहे ते चार ओळींत लिहिणं, आलेल्या निरोपांना उत्तरं देणं, सगळं तिच्या गळ्यात. साइटला हे चालत नव्हतं. खातं ज्याचं त्यानं किंवा घरच्यांनी चालवावं, मध्ये तिसरं माणूस नको, असा त्यांचा नियम. आणि एका सकाळी तिची सगळी खाती एकदम कुलूपबंद झाली. एकाच घरातून, एकाच लॅपटॉपवरून इतके नवरदेव आणि इतक्या नवऱ्या रोज बोलतात म्हटल्यावर साइटला शंका आली, आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला की तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे. त्या दिवशी एका मुलीच्या वडिलांनी दारात उभं राहून तिला विचारलं होतं, माझ्या मुलीच्या नावावर तुम्ही संशयास्पद काय हालचाल केली? ते रागावलेले नव्हते, नुसते घाबरलेले होते, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला होता.

मग पुण्याच्या भाचीनं, यशश्रीनं, फोनवरून सांगत सांगत तिच्याकडून लॅपटॉपवर एक प्रोग्राम बसवून घेतला. "मावशी, असं समज, प्रत्येक खात्याला तू वेगळी खोली देतेयस," ती म्हणाली होती. "खोलीत शिरलीस की तिथलंच सामान, तिथल्याच आठवणी. बाहेर आलीस की सगळं आत राहिलं. आणि प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक खोलीला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार. एक दार पुण्यात उघडतं, एक नाशकात, एक नागपुरात. बघणाऱ्याला वाटतं, ही सगळी वेगवेगळ्या घरांतली माणसं आहेत. एका खोलीतलं दुसरीला कळत नाही. कळूच शकत नाही." अरुंधतीनं प्रत्येक खिडकीला वेगळ्या रंगाची कड लावून घेतली. आकांक्षाची जांभळी, भारतची हिरवी. सुरुवातीला तिला त्याचं कौतुक वाटलं. मग वैताग सुरू झाला. दारं मधेच बंद पडायची. भारतचं दार नागपूरला उघडायचं, म्हणून साइटनं काकासाहेबांना विचारलं, नागपुरातून आत शिरलेले तुम्हीच का. काकासाहेबांचा तातडीनं फोन आला. "मॅडम, भारत तर हितंच हाये. आत्ता जेवून उठला. नागपूरला कोन गेलं मंग?" त्यांना प्रॉक्सी समजावून सांगता सांगता तिची आमटी करपली. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे पोरगं घरी हाये पन कागदावर नागपूरला हाये. आलं ध्यानात. तलाठ्याकडं बी असंच असतंय." साइट जे अंक पडताळणीला पाठवायची ते काकासाहेबांच्या फोनवर यायचे, ते बैलांना पाणी दाखवत असायचे, चष्मा घरी असायचा, सहाचा नऊ व्हायचा आणि तिनं टाकलेले अंक चुकीचे ठरून खातं पुन्हा थोड्या वेळासाठी बंद. अशा वेळी तिला वाटायचं की हे सगळं उचलून मोती तलावात टाकून यावं आणि पालेभाजी निवडत बसावं.

आपल्याच दोन खात्यांची गाठ घालायची नाही हा तिचा स्वतःचा नियम होता. उद्या बिनसलं तर दोन्हीकडचे म्हणणार, तुम्ही त्यांच्या बाजूच्या. म्हणून ती आकांक्षाच्या खिडकीतून नकार कळवून मोकळी होणार होती. पण तेवढ्यात आकांक्षाचाच फोन आला. ती जालन्यात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती, खोली घेऊन राहायची, आणि आई साळूबाई राजूरला गणपतीच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान चालवायची. खातं आईनं उघडायला लावलं होतं. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला आकांक्षानं 'बघू' म्हटलं होतं, आणि बघू म्हणजे नाही हे अरुंधतीला पाठ झालं होतं. मोबाइलवरून खातं उघडू नकोस, पुन्हा कुलूप लागेल, असं तिनं बजावलेलं होतं. फोनवर फक्त सूचना यायची, आलेला निरोप आणि समोरच्याची माहिती त्यात असायची. "काकू, ते कुंभार पिंपळगावचं आलंय ना," आकांक्षा म्हणाली. "त्यांच्याशी बोलून बघा की." तिच्या आवाजात बघू नव्हतं. अरुंधतीला आपला नियम आठवला. तरी ती म्हणाली, बरं.

आणि मग ते सुरू झालं, आणि लाज वाटावी इतकं सोपं गेलं. आकांक्षा दुपारच्या सुट्टीत फोन करून काय विचारायचं ते सांगायची. अरुंधती जांभळ्या खिडकीत ते नीट वाक्यात लिहायची. मग हिरव्या खिडकीत जाऊन तेच वाक्य वाचायची, जणू पहिल्यांदाच वाचतेय, आणि काकासाहेबांना फोन लावायची. काकासाहेब म्हणायचे, "सांगा, समदं बराबर हाये म्हनावं." एवढ्यावरून ती भारतचं उत्तर लिहायची. मुलगा एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात आहे, शेती भाऊ बघतो, जालन्यात खोली घ्यायची तयारी आहे, बायकोनं नोकरी केली तर आवडेल. हे सगळं खरं होतं, तिनं ते विचारून घेतलं होतं. पण वाक्यं तिची होती. स्वयंपाक करताना ती मनात दोन्हीकडची वाक्यं जुळवत असायची, कुकरची शिट्टी मोजायला विसरायची, आणि एका दुपारी कणीक मळता मळता तिच्या ध्यानात आलं की आपल्याला हे आवडायला लागलंय. कुणीतरी नीट विचारतंय आणि कुणीतरी नीट सांगतंय. या घरात असं शेवटचं कधी झालं होतं ते तिला आठवेना. मार्तंड, तिचा नवरा, एमआयडीसीतच दुसऱ्या एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेबाला होता. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी हात-पाय धुऊन बातम्या लावायचा. वाईट माणूस नव्हता. तिनं काही विचारलं तर मान हलवायचा, आणि ती मान होकाराची की नुसती ऐकल्याची, हे इतक्या वर्षांत तिला ठरवता आलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, नवा आहे, बुजतोय. मग वाटलं, कामाचा ताण आहे. मग मुलगा झाला, वाढला, शिकायला बाहेर गेला, आणि वाटायचं थांबलं. तिच्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलायचे, कुणीच ऐकायचं नाही, आणि तेव्हा तिला त्याचाही वैताग यायचा. एकंदर आपण वैतागण्यासाठीच जन्माला आलो असू, असं तिला अधूनमधून वाटायचं.

बोच होती ती वेगळीच. खातं उघडायला आले होते तेव्हा काकासाहेब जाता जाता दारात थबकले होते आणि आवाज खाली आणून म्हणाले होते, "एक सांगून ठिवतो. आधी त्यो सळयांच्या मिलीत व्हता. तिथल्या आवाजानं त्याचा डावा कान गेला. अजिबात न्हाई येत ऐकू त्या बाजूनं. म्हनून ती नोकरी सोडली. पन हे लिव्हायचं न्हाई. गावात कुनाला ठाव न्हाई." तिनं लिहिलं नव्हतं. लोक काय काय लपवतात. कुणाचा चष्मा, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची तंबाखू. ती हिरव्या खिडकीतली गोष्ट होती आणि तिथंच राहणार होती. पण आता जांभळ्या खिडकीत बसलं तरी तो कान तिच्याबरोबर यायचा. प्रोग्राम प्रामाणिक होता. त्या खिडकीला या खिडकीतलं खरंच काही कळत नव्हतं. तिला कळत होतं. दार नागपुरात उघडो की नाशकात, उंबऱ्याच्या आत ती एकटीच इकडून तिकडं हिंडत होती, आणि तिचं डोकं एकच होतं, आणि ते दुखायला लागलं होतं.

अशात एका गुरुवारी आकांक्षाचा फोन आला. मागं लॅबमधलं यंत्र घरघरत होतं. "काकू, आता एकच विचारा. सरळ विचारा. आमच्यापासून काही लपवलंय का? आजार, व्यसन, काहीही. असलं तर असलं, पण आत्ता सांगा म्हणावं. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी लग्नानंतर कळलं होतं." बहिणीच्या वेळी काय कळलं ते तिनं सांगितलं नाही, अरुंधतीनं विचारलं नाही. तिनं ते जांभळ्या खिडकीत लिहिलं. लिहिताना तिला वाटलं, आपण आपल्यालाच चिठ्ठी लिहितोय. पाठवलं. हिरव्या खिडकीत जाऊन वाचलं. काकासाहेबांना फोन लावला.

"न्हाई म्हनून लिव्हा," काकासाहेब म्हणाले.

"काकासाहेब, मुलगी स्पष्ट विचारतेय. कानाचं सांगून टाकू या का? एक कान चांगला आहे ना."

"तुमाला काय जातंय सांगून टाकू म्हनाया. हितं पोरी मिळून न्हाई राह्यल्या. शेतकऱ्याचं पोरगं म्हनलं की लोक पानी बी इचारत न्हाईत. पहिल्यांदा कोनी इतकं बोलून राह्यलंय, तर तुमीच मोडता घाला." मग ते म्हणाले, "एकदा लगीन झालं की काय कान अन् काय डोळा. समदं निभतंय. तुमी लिव्हा, आमच्या मुलात काही दोष न्हाई."

नेमकं त्या सकाळीच प्रोग्रामनं न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं. सगळ्या खिडक्यांच्या रंगीत कडा जाऊन सगळ्या एकसारख्या राखाडी झाल्या होत्या. अरुंधतीनं सेटिंगमध्ये जाऊन रंग परत आणायचा प्रयत्न केला, तर त्यानं आधी पासवर्ड मागितला, मग सांगितलं की थोड्या वेळानं प्रयत्न करा. दारात भंगारवाला ओरडत होता. शेजारच्या संध्याताईंनी कोथिंबीर मागायला हाक मारली. तिनं कोथिंबीर दिली, परत येऊन बसली, रागारागानं कीबोर्ड बडवत लिहिलं, 'आमच्या मुलात काही दोष नाही', आणि पाठवून दिलं. मग ओळ कुणाच्या नावापुढं उमटलीय ते पाहिलं. आकांक्षाच्या. आकांक्षाच्या खात्यातून भारतला निरोप गेला होता की आमच्या मुलात काही दोष नाही.

तिनं तो पुसायला बटण शोधलं. साइटवर पाठवलेलं परत घेता येत नव्हतं. मग तिनं स्वतःची समजूत घातली: त्या खात्यातलं वाचणार कोण, मीच ना. मीच लिहिलं, मीच वाचलं, मीच विसरले. सूचना जाईल ती काकासाहेबांच्या फोनवर, आणि त्यांचा चष्मा घरी असतो. तिनं चहा टाकला. चहात आलं किसायला घेतलं तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"मॅडम, मी भारत बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "काकासाहेबांचा."

इतके दिवस त्याच्या नावानं बोलून त्याचा आवाज आपण कधी ऐकलाच नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं मनात त्याला एक आवाज देऊन टाकला होता, जरा भारदस्त, सावकाश. हा आवाज तसा नव्हता. बारीक होता आणि गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होता.

"बोला," ती म्हणाली.

"काय म्हणालात? थांबा. दुसऱ्या कानाला लावतो." मग जरा खुडबुड झाली. "हां. आज सुट्टी, घरीच हाये. वडलांचे मेसेज मीच वाचून दाखवतो त्यांना. आत्ता एक आलाय मुलीकडून. आमच्या मुलात काही दोष नाही म्हणून. हे त्यांनी लिव्हलं का तुम्ही?"

खोटं बोलायला एकही वाक्य सुचलं नाही. "मी," ती म्हणाली. "चुकून. त्यांचं खातंही माझ्याकडेच आहे."

मग म्हणाला, "म्हणजे तिकडून बी तुम्ही अन् हिकडून बी तुम्हीच."

"हो."

"मला वाटलंच होतं. मी असं बोलतच नाही, जसं तुम्ही लिव्हता. माझी माहिती वडलांना वाचून दाखवताना मलाच लाज वाटायची. म्हणलं, हा कोण भारत हाये." तो हसला का नुसता श्वास सोडला, तिला कळलं नाही. "मॅडम, माझं कानाचं सांगायचं व्हतं त्यांना. वडील ऐकून न्हाई राह्यले. मी दोनदा भांडलो. मला नाही जमायचं लपवून. रोज डाव्या बाजूनं कोणी बोललं की मी हसून मान हलवतो, समोरच्याला वाटतं ऐकलं. तसं सगळं आयुष्य बायकोपुढं हसून मान हलवू का?"

अरुंधतीच्या हातात आल्याचा तुकडा तसाच होता. चहा उतू गेला, शेगडीवर चर्र झालं, तिनं गॅस बंद केला. तिला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. काकासाहेबांवर, साइटवर, त्या राखाडी कडांवर, या सरळ माणसावर, ज्यानं आधीच फोन केला असता तर हे सगळं वाचलं असतं. "तुम्ही मला पहिल्या दिवशीच का नाही फोन केलात?" तिनं विचारलं.

"तुम्ही मला कुठं केला," तो म्हणाला.

तिनं आकांक्षाला लॅबमध्येच फोन लावला. आकांक्षा बाहेर आली. रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. अरुंधतीनं सगळं एका दमात सांगितलं. दोन्ही खाती माझीच आहेत. तुझे प्रश्न मी लिहायचे आणि त्यांची उत्तरंही मीच लिहायचे. माहिती खरी होती, शब्द माझे होते.

"म्हणजे इतके दिवस मी तुमच्याशीच बोलत होते," आकांक्षा म्हणाली.

"तसंच म्हण."

"काकू, काय आहे हे. मी इथं दुपारी डबा न खाता तुम्हाला फोन करत होते. आईला सांगितलं मी, की मला पटतंय म्हणून." तिचा आवाज चढला आणि परत खाली आला. "त्याच्या माहितीत एक वाक्य होतं. शेवटचं. माणूस शांत असला तरी घर मुकं नसावं. मी ते वाचूनच तुम्हाला पहिला फोन केला होता. ते तरी त्याचं होतं का?"

अरुंधती ओट्याला टेकून उभी होती. शेगडीवर सांडलेल्या चहावर साय धरत होती. ते वाक्य तिनं कधी लिहिलं ते तिला आठवत होतं. माहिती पूर्ण झाली होती, साइट म्हणत होती की अजून अक्षरं हवीत, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर मार्तंड पायावर पाय टाकून बसला होता. तिनं काही विचार न करता ते लिहून टाकलं होतं. म्हणजे ही पोरगी भारतवर भाळली नव्हती. ती अरुंधतीच्या कुठल्यातरी जुन्या, न मागितलेल्या गोष्टीवर भाळली होती.

"नाही," ती म्हणाली. "ते माझं होतं."

"मग त्याचं असं एक तरी वाक्य आहे का?"

"आज पहिल्यांदा बोलला माझ्याशी. म्हणाला, थांबा, दुसऱ्या कानाला लावतो."

आकांक्षा हुशार होती. रोज दुसऱ्यांच्या रक्तातलं वाचायची. "कुठला कान?" तिनं विचारलं. अरुंधतीनं सांगितलं. मिलीचं सांगितलं, वडील नको म्हणत होते आणि तो दोनदा भांडला तेही सांगितलं. आकांक्षा म्हणाली, "मला त्यांचा नंबर द्या. आणि माझा त्यांना. आणि मधे तुम्ही नको."

शुक्रवारी काकासाहेबांनी फोन करून तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. विश्वासानं पोटातलं सांगितलं तर तुमी चावडीवर मांडलं, म्हणाले, आमचं खातं बंद करून टाका. साळूबाईंनी राजूरहून फोन केला, त्या चिडल्या नव्हत्या, पण म्हणाल्या, "दोन्हीकडून तूच व्हतीस व्हय गं बाई. मंग आमचं म्हनून तुझ्यापाशी काय व्हतं?" अरुंधतीनं फोन ठेवला. तिनं दोन्ही खिडक्या काढून टाकल्या. प्रोग्रामनं विचारलं, नक्की का, आतलं सगळं जाईल. तिनं हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा हो म्हटलं. गेलं म्हणाला. तिच्या डोक्यातलं काहीच गेलं नाही. उरलेली खाती तशीच उघडी होती. त्यांच्यातल्या एकेकाला फोन करून, तुमच्या मुलीला स्वतःला माझ्याशी बोलायला सांगा, असं म्हणायला हवं होतं. दोघांना तिनं तसं म्हटलं. एक म्हणाले, ती काय सांगणार, मी सांगतो ना.

रविवारी ती दोघं राजूरला भेटणार आहेत एवढं तिला भारतच्या निरोपातून कळलं होतं. कळवायची गरज नव्हती, तरी त्यानं कळवलं होतं. सकाळपासून तिचं कशात लक्ष लागेना. तिनं वांगी चिरली, मग आठवलं की भाजी मेथीची करायची होती. पोळ्या झाल्या, पानं घेतली, तेव्हा आकांक्षाचा फोन आला. "काकू, भेटलो. देवळापाशी फार गर्दी होती, घंटा चालू, त्यांना काहीच ऐकू येईना, मीच ओरडून ओरडून दमले. मग मागं ओढ्याकडं जाऊन बसलो. फार बडबडतात ते. तुम्ही लिहिता तसे मुळीच नाहीत." मग म्हणाली, "अजून काही ठरलं नाही. परत भेटणार आहोत. आई तोंड फुगवून बसलीय. पण तुम्ही आता कुणालाच काही लिहू नका." आणि फोन ठेवला. अरुंधतीला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं, पण बरोबर एक चिडचिडही आली, की आता पुढचं आपल्याला कुणी सांगणार नाही.

ती मार्तंडच्या समोर जेवायला बसली. तो भाजी वाढून घेत होता. टीव्ही बंद होता, वीज गेली होती. "मी काय करून बसले ते तुम्हाला माहीत आहे का?" ती म्हणाली. त्यानं मान हलवली. ती मान तिला आज सहन झाली नाही. तिनं सगळं सांगायला सुरुवात केली. खोल्या, दारं, नागपूर, राखाडी कडा, कान, सळयांची मिल, देवळातल्या घंटा. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, त्यात तक्रार होती, आणि ती कुणाची ते तिलाही कळत नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं ताटाकडं पाहिलं. तिची पोळी तशीच होती. त्याचीही तशीच होती. तो घास हातात धरून बसला होता.

"पण त्या मुलीला आवडलेलं वाक्य काय होतं?" मार्तंडनं विचारलं. "ते नाही सांगितलंस."

तिनं ते खरंच सांगितलं नव्हतं. "असंच काहीतरी," ती म्हणाली. तो वाट पाहत राहिला. पंखा बंद होता, घरात कुठलाच आवाज नव्हता. "माणूस शांत असला तरी घर मुकं नसावं," ती भाजीकडं बघत म्हणाली.

मार्तंडनं हातातला घास परत ताटात ठेवला. त्याची मान हलली नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मग मी काय बोलू?"

ही चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता, अंक पडताळून घ्यावेत तसा. अरुंधतीनं तोंड उघडलं. इतक्या घरांची वाक्यं तिनं जुळवली होती, मुलांची, बापांची, कधी न पाहिलेल्या मुलींची, आणि या माणसासाठी तिच्याकडं एकही नव्हतं. "काहीही," ती वैतागून म्हणाली. "मला काय विचारता? काहीही बोला."

तो विचार करू लागला. बराच वेळ करत राहिला, इतका की तिला वाटलं, संपलं, आता जेवेल. मग तो म्हणाला, "आमच्याकडं एक रामराव म्हणून आहेत. गोदामाला. म्हणजे त्यांचं असं झालं, की परवा, परवा नाही, सोमवारी, ते जे मक्याचं बियाणं आलं होतं ना, म्हणजे आधी सांगायला पाहिजे की रामराव कोण." वाक्य भरकटत होतं, शेवट सापडत नव्हता, मधला अर्धा भाग काढून टाकला असता तर ते सरळ झालं असतं. अरुंधतीला ते जागच्या जागी दिसत होतं. तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि त्याला तसंच बोलू दिलं.